पाण्यातल्या खुर्च्या

माझं हॉटेल नदीत होतं. काठावर नव्हे, नदीत. जूनमध्ये पाणी ओसरलं की मी बावीस प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि सहा टेबलं घोटाभर पाण्यात मांडायचो, टेबलांच्या पायांशी दगड लावायचो, आणि टँजियर-तेतुआनहून आलेली माणसं पाय पाण्यात सोडून मातीच्या भांड्यात शिजवलेलं ताजीन खायची. सप्टेंबर संपला की खुर्च्या घरी. मधल्या चार महिन्यांत आमच्या ऐन ब्लात गावात जे काही वाईट घडायचं ते माझ्या खुर्च्यांमुळे घडायचं.

हे मी कुरकुर म्हणून सांगत नाही. गावाची तशी समजूतच होती. मासे कमी झाले ते खुर्च्यांमुळे. लॉरेलच्या झुडपांवर कीड पडली ती खुर्च्यांमुळे. एकदा माकडांनी गावच्या इमामांचं, म्हणजे फकिहांचं, अंजिराचं झाड ओरबाडून टाकलं, तर फकीह मशिदीतून उठून थेट माझ्याकडे आले. म्हणाले, "अयाशी, माणसाचं खाणं चाखायची सवय त्यांना तुझ्याकडेच लागली." यात थोडं तथ्य असेलही.

खरं सांगायचं तर मलाही ते पटलेलं होतं. संध्याकाळी आवराआवर करताना टरबुजाच्या साली, लहान मुलांचे लंगोट, एकेकटी चप्पल असं सगळं पाण्यातून वेचावं लागायचं. दिवसभर शंभर पाय हलले की पाणी चहासारखं व्हायचं. लोक म्हणतात ते उगाच म्हणत नसणार.

सगळ्यांत मोठ्यानं म्हणायचा मफद्दल. हा माझ्या धाकट्या बहिणीचा, तामोचा नवरा. आम्ही एका बाकावर बसून शाळा शिकलो. वर, सीदी मर्झूक या पिराच्या झऱ्याच्याही वर, चार गेस्टहाऊसं आहेत. त्यांतलं सगळ्यांत मोठं त्याचं. नाव 'पॅनोरामा', खोल्या नऊ. पर्यटन मंडळाचा अध्यक्षही तोच. पुलाजवळ त्यानं पाटी लावली होती: 'पाहुण्यांनो, नदी ही अल्लाची देणगी आहे, ती घाण करू नका.' त्याखाली बाण होता आणि बाणापुढे 'पॅनोरामा' लिहिलं होतं.

"तुझ्याकडे उतरलेलीच माणसं खाली येऊन माझ्याकडे बसतात," मी म्हणायचो.

"माझ्याकडे असतात तोवर स्वच्छ असतात," तो म्हणायचा.

दोन वर्षांपूर्वी त्याची धाकटी मुलगी वियाम आजारी पडली. जुलाब, ताप, डोळे खोल गेलेले. शफशावनच्या इस्पितळात आठ दिवस सलाईनवर होती. तिनं आदल्या दिवशी माझ्याकडे आइस्क्रीम खाल्लं होतं. मफद्दल चौकात उभा राहून मला जे बोलला ते मी इथे सांगत नाही. त्यानंतर वर्षभर तो माझ्याशी बोलला नाही. तामो बोलायची, पण दारातूनच. मी आइस्क्रीमची पेटी विकून टाकली. रात्ररात्र डोळा लागायचा नाही, कारण मलाही वाटायचं की ते माझ्यामुळेच झालं.

गेल्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात इख्लास आली. तेतुआनच्या विद्यापीठात ती प्रबंध लिहीत होती. किडकिडीत मुलगी, उन्हानं नाक सोललेलं, हातात निळी बर्फाची पेटी आणि आमचा डोंगर ज्यात येतो त्या राखीव उद्यानाच्या कचेरीचा शिक्का मारलेलं पत्र. प्रबंधाचे दोन भाग होते. पहिला, नदीचं पाणी कसं आहे. दुसरा, पर्यटनामुळे नदीचं काय होतं असं लोकांना वाटतं. पेटी उचलायला आणि लोकांना बोलतं करायला तिला गावातला एक माणूस हवा होता. गावचा सरकारी कारभारी, मुकद्दम, त्यानं माझं नाव सुचवलं. म्हणाला, "नाहीतरी तू दिवसभर पाण्यातच असतोस." आरोपीलाच पंचनामा लिहायला बसवावं तसा प्रकार, पण कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

दुसऱ्या भागापासून सुरुवात केली. सातवा प्रश्न असा होता: नदी सर्वांत जास्त कशामुळे घाण होते? पुढे चौकटी: पर्यटकांचा कचरा, नदीतली हॉटेलं, गेस्टहाऊसं, शेती, जनावरं, इतर.

पहिल्याच दारात एक म्हातारी चुलीपुढे बसून बिसाऱ्याचं सार ढवळत होती. मी विचारलं, "मावशी, नदी कशानं घाण होते?"

"तुझ्या खुर्च्यांनी. लिही. आणि आईला माझा सलाम सांग."

मी दोन्ही केलं.

मग पाहुण्यांना विचारलं. टँजियरचे एक गृहस्थ माझ्याच खुर्चीवर बसले होते, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पाय पाण्यात. प्रश्न ऐकून ते फार गंभीर झाले.

"राखीव उद्यान ना हे? मग अशा जागी नदीत खुर्च्या टाकूच कशा देतात?" ते म्हणाले. "कडक लिहा. आणि भाऊ, संत्र्याचा रस अजून एक."

शेतीच्या चौकटीत एकानंही खूण केली नाही. आमच्या डोंगरांवर गांजाची शेती होते ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि शिक्का मारलेल्या कागदावर त्या शेतीबद्दल कुणी काही लिहीत नाही. एकानं 'इतर'मध्ये 'सून' लिहिलं. इख्लासनं तेही नोंदवून घेतलं.

बारा दिवसांत दोनशे अकरा कागद भरले. इख्लासनं शेवटचा कागद माझ्यापुढे केला. "सी अयाशी," ती मला आदरानं अशीच हाक मारायची, "तुमचंही मत हवं."

मी नदीतल्या हॉटेलांपुढे खूण केली.

"असं का वाटतं तुम्हाला?"

"सगळेच म्हणतात."

तिनं कागद पिशवीत ठेवला.

पाण्याचे नमुने पाच ठिकाणचे घ्यायचे होते: धबधब्याच्या वर, सीदी मर्झूकच्या झऱ्यात, माझ्या टेबलांच्या वरच्या अंगाला, टेबलांच्या खालच्या अंगाला आणि पुलापाशी. झऱ्याची बाटली ती केवळ तुलनेसाठी घेत होती, शुद्ध पाणी कसं असतं ते दाखवायला. त्या झऱ्याबद्दल शंका घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नसतं. आमच्याकडे मूल जन्मलं की त्याच्या ओठांना ते पाणी लावतात, माणूस जायला लागला की त्याच्या तोंडात तेच पाणी घालतात, आणि मधली सगळी वर्षं तो तेच पितो. माझी आई ऐंशीची आहे; तिनं जन्मात दुसरं पाणी प्यायलेलं नाही. टँजियरचे लोक कॅन भरभरून नेतात. पाणी इतकं नितळ की तळाचे खडे मोजून घ्यावेत.

बाटल्या घेऊन इख्लास तेतुआनला गेली आणि चौथ्या दिवशी परत आली. मी मांडणी करत होतो. ती म्हणाली, "जरा बसा."

आम्ही नदीत बसलो.

"तुमच्या टेबलांच्या वरच्या आणि खालच्या पाण्यात फारसा फरक नाही. पिऊ नये, पण पाय बुडवायला, पोहायला हरकत नाही. कचरा होतो तो वेगळा, तो वेचायलाच हवा. गढूळपणा म्हणजे नुसती माती."

एवढी वर्षं गळ्यात बांधलेला धोंडा कुणी सोडला की माणूस मोकळा होत असेल. मी मोकळा झालो नाही. मला ते खरंच वाटलं नाही.

"नीट तपासलंस ना?"

"तपासलं. आता दोन नंबरची बाटली." तिनं आवाज खाली आणला. "झऱ्याच्या पाण्यात विष्ठेतले जंतू आहेत. पिण्याच्या पाण्यात एकही नसावा. इथे पेलाभरापेक्षाही कमी पाण्यात तीनशेच्या वर मिळाले."

"मी बाटल्या उलटसुलट दिल्या असतील."

"मलाही तसंच वाटलं," ती म्हणाली. "म्हणून पुन्हा घेऊ."

लागोपाठ तीन सकाळी पुन्हा नमुने घेतले. चिठ्ठ्या तिनं स्वतः लावल्या. उत्तर तेच आलं.

ते कळलं त्या दिवशी मी घरी जाऊन पातेलंभर पाणी खळखळ उकळलं, गार केलं आणि आईच्या सुरईत भरलं. तिनं घोटभर घेतलं, तोंडात फिरवलं.

"हे मेलेलं पाणी आहे," ती म्हणाली, आणि सुरई पुदिन्याच्या कुंडीत रिकामी केली.

"यम्मा, झऱ्याचं पाणी बिघडलंय."

"तू बिघडलायस. त्या पोरीबरोबर हिंडून."

पुढे पंधरा दिवस मी तिच्या पाण्यात काय काय केलं ते तिला अजून ठाऊक नाही. चिमूटभर मीठ घालून, एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतून, झऱ्याकाठच्या सावलीत ठेवून पाहिलं. सावलीत ठेवलेलं तिला चाललं.

शुक्रवारी नमाज झाल्यावर मशिदीच्या अंगणात सगळे जमले. बायका भिंतीकडेला, तामोही त्यांच्यात. इख्लासनं समजावून सांगितलं: डोंगर चुनखडीचा आहे, आतून पावासारखा जाळीदार. वर जे सांडतं ते गाळून न निघता भोकाभोकांतून थेट झऱ्यात येतं. झऱ्याच्या वर काय आहे? चार गेस्टहाऊसं, त्यांचे संडास, संडासांचे शोषखड्डे.

फकीह म्हणाले, "बेटी, चारशे वर्षं लोक हे पाणी पितायत."

"गेस्टहाऊसं किती वर्षांची आहेत, सीदी?"

 मफद्दल उठला. त्याला बोलायला उभं राहायला आवडतं.

"हिला आमच्या खड्ड्याचं माहीत नाही," तो सगळ्यांना म्हणाला. "नऊ खोल्या. सगळा उन्हाळा भरलेल्या. आठ वर्षांत खड्डा एकदाही उपसावा लागलेला नाही. तामोला विचारा! बाकीच्यांना दोन-दोन वर्षांनी उपसावा लागतो. बरकत आहे ती."

लोकांनी माना हलवल्या. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि बाकीचे तिघे त्याबद्दल त्याचा हेवाही करायचे.

इख्लासनं वहीतून डोकं वर काढलं. "आठ वर्षांत एकदाही नाही?"

"एकदाही नाही," मफद्दल छाती काढून म्हणाला.

"मग ते जातं कुठं?"

 मागून कुणीतरी म्हणालं, "जमिनीत."

"आणि जमिनीतून?"

 मग इख्लासनं सांगितलं की एक रंग असतो, शोध घ्यायचा. माणसाला अपाय करत नाही. संडासात ओतायचा आणि झऱ्यावर लक्ष ठेवायचं. उद्यानाच्या कचेरीची परवानगी तिनं आधीच काढली होती.

"माझ्यातच ओता," मफद्दल म्हणाला. "सगळ्या गावासमोर ओता. पण काही निघालं नाही तर अयाशीनं खुर्च्या उचलायच्या. कायमच्या."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी विचार करत होतो. ते होकार समजून उठले आणि कुसकूस खायला घरी गेले.

शनिवारी दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर रंग ओतला. पूड विटकरी होती. बादलीत पडल्यावर मात्र पाणी असं काही हिरवं झालं की पोपटानं शरमावं. चार नंबरच्या खोलीतल्या संडासाला पाण्याचा जोर चांगला, म्हणून तो निवडला. त्या खोलीत फेस शहरातलं एक नवं जोडपं उतरलं होतं. ते दोघं टॉवेल गुंडाळून व्हरांड्यात उभे राहिले आणि त्यांच्या संडासाभोवती मुकद्दम, फकीह, मफद्दल, मी आणि आणखी नऊ-दहाजण दाटीवाटीनं उभे. फकिहांनी बिस्मिल्ला म्हटलं. रंग ओतला, वर वीस बादल्या पाणी. जोडप्यातल्या नवऱ्यानं मला हळूच विचारलं, "हा इथला रिवाज आहे का?"

"पहिल्यांदाच आहे," मी म्हणालो.

झऱ्यावर दोन माणसं बसवली, एक माझ्या बाजूचा, एक त्याच्या. शनिवार गेला. रविवार गेला. झरा होता तसाच, आरशासारखा. रविवारी दुपारी मफद्दलनं सगळ्यांसाठी चहा आणि तबकभर घ्रीबा बिस्किटं पाठवली. माझ्यासाठी वेगळी बशी काढली होती.

"खुर्च्या कुठं ठेवणार आहेस?" त्यानं मायेनं विचारलं. "माझ्या गोठ्यात जागा आहे."

सोमवारी सकाळी नऊच्या सुमाराला तामो पाण्याला आली. राखणीवरचे दोघे पत्ते खेळत होते. तिनं पांढरा, आरपार दिसणारा कॅन झऱ्यात बुडवला, वर काढला, आणि झाकण लावता लावता थांबली. कॅन उन्हात धरला. मग तो काठाच्या दगडावर ठेवून दिला आणि त्याच्या शेजारी बसली. पत्ते खेळणाऱ्यांना वाटलं, ती दमली असेल.

दहापर्यंत झरा हिरवा झाला, झऱ्याचा पाट हिरवा झाला, पाट नदीला मिळतो तिथून नदी हिरवी होत माझ्या टेबलांखालून गेली. गिऱ्हाइकांनी पाय वर घेतले. एकानं फोन काढला. दुसऱ्यानं विचारलं, "हे रोज किती वाजता होतं?"

मी वर पळत गेलो. सगळा गाव गोळा झाला होता. मफद्दल आला. झऱ्याकडे पाहिलं, कॅनकडे पाहिलं.

"रंगच खोटा असेल," तो म्हणाला.

मुकद्दमनं कॅन उन्हात धरून पाहिला आणि परत ठेवला.

"आठ वर्षं," तामो बसल्या जागेवरून म्हणाली, "या पाण्याचा तुला सकाळचा चहा करून देतेय मी. स्वतः पितेय. पोरीला पाजलं."

"तामो, घरी चल."

"पोर आठ दिवस सुईवर होती. माझ्या भावाला चौकात उभा करून काय काय बोललास तू? आणि मी दारात उभी राहून ऐकलं. मला वाटलं, तू म्हणतोस म्हणजे असेल." मग ती माझ्याकडे वळली. "आणि तूही एक शब्द उलटून बोलला नाहीस. तुम्ही दोघंही गाढवं आहात."

तिनं कॅन उलटा केला आणि रिकामा घेऊन गेली. मफद्दल दगडावर बसला. बराच वेळ तो बुटाच्या टोकानं हिरवं पाणी ढवळत होता. लोक एकेक करून पांगले. आम्ही दोघंच उरलो तेव्हा तो म्हणाला, "ते आइस्क्रीम..."

"असू दे," मी म्हणालो.

"पेटी विकलीस ना तू?"

"विकली."

"चांगली पेटी होती," तो म्हणाला. माफीच्या यापेक्षा जवळ त्याला जाता येत नाही, आणि मला ती पुरली.

झरा तीन दिवस हिरवा राहिला. तेवढ्यात फोनवरून बातमी सगळ्या उत्तरेत पोहोचली. निम्मे म्हणाले चमत्कार, निम्मे म्हणाले कारखाना. आमच्याकडे कारखाना नाही. गाड्या पुलापासून खालच्या वळणापर्यंत लागल्या, आणि त्या तीन दिवसांत ऐन ब्लातात जितकी माणसं आली तितकी ईदलाही येत नाहीत. कुणी त्या पाण्यानं तोंड धुतलं, कुणी बाटली भरून नेली. तामो काठावर उभी राहून प्रत्येकाला सांगत होती, "ताई, हे माझ्या चार नंबरच्या संडासातलं आहे." लोक हसायचे आणि तिच्याबरोबर फोटो काढायचे.

चौथ्या दिवशी पाणी पुन्हा नितळ झालं आणि गर्दी गेली. बाकीच्या तिन्ही गेस्टहाऊसवाल्यांनी रंग ओतू दिला नाही. आमचंही तिथंच जातं, मान्य आहे, म्हणाले. फकीह तीन आठवडे काही बोलले नाहीत. मग एका शुक्रवारी त्यांनी खुतब्यात, नमाजाच्या प्रवचनात, सांगितलं की सीदी मर्झूकचं पाणी पवित्रच आहे, घाण आपली आहे, तेव्हा उकळून प्यावं. त्या दिवसापासून आई उकळलेलं पाणी विनातक्रार पिते. मी तेच महिनाभर सांगत होतो याची मी तिला आठवण करून दिली नाही.

मफद्दलनं 'पॅनोरामा' बंद ठेवलं आणि सिमेंटची बंद टाकी बांधायला घेतली, झऱ्यापासून दूर, टेकडीच्या पलीकडच्या उतारावर. तिथवर रस्ता नाही. वाळू आणि सिमेंट खेचरांवरून नेलं. एक खेचर त्याचं, एक माझं. सप्टेंबरभर आम्ही दोघं खणत होतो. वियाम डबा घेऊन यायची आणि खड्ड्याच्या काठावर बसून, आम्ही किती सावकाश खणतो ते सांगायची.

ऑक्टोबरात उद्यानाच्या कचेरीचं पत्र आलं, मुकद्दमच्या हातून. प्रबंध त्यांच्याकडे पोहोचला होता. पहिल्या भागाची 'पुढील अभ्यासासाठी नोंद घेण्यात आली' होती. दुसऱ्या भागावर कारवाई झाली होती. दोनशे बारापैकी एकशे सत्त्याऐंशीजणांच्या मते नदी पाण्यातल्या हॉटेलांमुळे घाण होते. सबब लोकभावनेचा आदर राखून नदीपात्रात खुर्च्या-टेबलं मांडण्यास मनाई.

इख्लासचा फोन आला.  "सी अयाशी, मी स्पष्ट लिहिलं होतं. बेचाळिसाव्या पानावर. तुमच्यामुळे काही होत नाही म्हणून. तुम्ही अर्ज करा, मी साक्ष देते."

"त्या एकशे सत्त्याऐंशीत मी पण आहे गं," मी म्हणालो.

 मग तिनं झऱ्याचं विचारलं. पुढे मार्चमध्ये तिनं पुन्हा तपासणी केली, तेव्हा तीनशेचे अकरा झाले होते. अकरा म्हणजे शून्य नव्हे, असं तिनं बजावलं आणि उकळणं चालू ठेवायला सांगितलं.

यंदा जूनमध्ये मी काठावर, पाण्यापासून पंधरा पावलांवर, अक्रोडाखाली चूल मांडली. खुर्च्या मफद्दलच्या गच्चीवर आहेत. पहिल्याच रविवारी गिऱ्हाइकं आली, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, पाण्यात बसायची सोय कुठं आहे?

"बंद झाली," मी म्हणालो. "नदी घाण होते म्हणून."

"बरं केलं," ते म्हणाले. "फारच व्हायला लागलं होतं." मग चपला काढून पाण्यात उतरले आणि दगडांवर बसले. ताजीन मी तिथं नेऊन देतो.